टर्नपाइकवरचा संसार

कोकणातल्या घरांना दोन ठिकाणी वाटलेला संसार नवा नाही. नवरा गिरगावच्या चाळीत किंवा लालबागच्या गिरणीत, बायको-मुलं राजापूर-कणकवलीकडे, आणि मधे महिन्याची मनीऑर्डर व गणपती-शिमग्याची एसटी. देशावर हेच बदलीच्या नोकरीमुळे व्हायचं. बँकेतले, पाटबंधारे खात्यातले वडील नांदेडला नाहीतर धुळ्याला खोली घेऊन राहायचे. मुलांची शाळा मोडू नये म्हणून आई पुण्याला किंवा साताऱ्याला आजी-आजोबांपाशी असायची. अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत आलेल्या आमच्या जोडप्यांच्या वाट्याला पुन्हा तेच आलं, पण कारण बदललेलं होतं. आता घर दोन गावांत होतं ते बाईच्याही कामासाठी. आणि मग प्रश्न सुरू झाले. ‘एवढी ओढाताण कशाला?’, ‘एकाच्या पगारात भागत नाही का?’, ‘तू त्याच्याच गावात काहीतरी बघ ना.’ विचारणारी माणसं मायेची होती. आमची काळजी त्यांना खरंच वाटत होती. पण ‘तू तिच्या गावात काहीतरी बघ’ असं कुणी मुलाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

ही पिढी घडली कशी, हे सांगायला हवं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि सांगली, कराड, नाशिक, अमरावतीकडच्या आणखी कितीतरी मुलींना घरापासून एका रात्रीच्या अंतरावर इंजिनिअर होता येऊ लागलं. १९९१ मध्ये पुण्यात कर्वेनगरला खास मुलींचं कमिन्स महाविद्यालय निघालं. आमच्या आया शाळेत, एलआयसीत, टेलिफोन खात्यात नोकरी करत होत्या. सकाळी पोळ्यांचा डबा भरून, पर्स खांद्याला लावून बाहेर पडणारी आई आम्ही रोज पाहिलेली. त्यामुळे लग्न झाल्यावर काम सोडायचं, हा विचारच आमच्या मनात रुजलेला नव्हता.

तो विचार पहिल्यांदा समोर उभा राहिला मुंबईत, ब्रीच कँडीला. अमेरिकन वकिलातीच्या भिंतीलगत पहाटेपासून रांग लागायची, हातात फाइल, फाइलमध्ये लग्नाचे फोटोसुद्धा. नवऱ्याला कामाचा व्हिसा, एच-१, मिळायचा, बायकोला त्याच्या आधारानं एच-४. एच-४ वर शिकता येई, कमावता येत नसे. कमवायचं तर स्वतःच्या बळावर विद्यापीठात प्रवेश मिळवायचा किंवा स्वतःच्या नावानं एच-१ आणायचा. १९९० च्या कायद्यानं त्याला वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली होती. वायटूकेच्या धामधुमीत ती १,१५,००० झाली, २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० झाली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५,००० वर आली. हा परवाना एका मालकाला आणि कामाच्या ठिकाणाला बांधलेला. हार्टफर्डच्या कंपनीनं अर्ज केला तर हार्टफर्ड, क्लीव्हलँडच्या कंपनीनं केला तर क्लीव्हलँड. गाव निवडायची मुभा आम्हाला जवळजवळ नव्हतीच.

डॉक्टर जोडप्यांचं आणखी अवघड. रेसिडेन्सी कुठे मिळाली हे दर मार्चमध्ये कळायचं. १९८४ पासून नवरा-बायकोला जोडीनं अर्ज करता येत होता, तरी दोघांना एकाच गावात जागा मिळेलच याची हमी नसे. जे-१ व्हिसावर शिकलेल्यांना शिक्षण संपल्यावर एकतर दोन वर्षं मायदेशी परतायचं, नाहीतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं. आमच्या ओळखीतली एक बालरोगतज्ज्ञ वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या गावात राहिली, नवरा डेट्रॉइटला. त्या गावातल्या कितीतरी मुलांना तिनं वाढताना पाहिलं. ती आजही त्या मुलांबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज बदलतो.

माझं संशोधन पिट्सबर्गला होतं, नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत एडिसनजवळ. मधे साडेतीनशे मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, आणि त्यातला मोठा भाग पेनसिल्वेनिया टर्नपाइकचा. १९४० मध्ये खुला झालेला हा रस्ता ॲपलेशियन डोंगरांतून जातो. शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेचं दार ओढून निघायचं, टोलचं तिकीट सन व्हायझरमध्ये खोचायचं, शेजारच्या सीटवर मॅपक्वेस्टची छापील पानं आणि किशोरीताईंच्या गाण्यांची कॅसेट. पहिला ॲलेघेनी बोगदा, मग टस्करोरा, आणि मग किटाटिनी व ब्लू माउंटन हे दोन बोगदे एकाला लागून एक. ते पार केले की डोंगर मागे पडत आणि हॅरिसबर्ग जवळ येई. रात्री त्या बोगद्यांच्या पिवळ्या उजेडातून जाताना मला कधी एकटं वाटलं नाही. पुढे कुणीतरी भात लावून जागं आहे, हे ठाऊक असायचं.

थंडीत सॉमरसेटच्या चढावर हिमवादळ गाठायचं. अशा आठवड्यांत आम्ही दोघंही निघून हॅरिसबर्गला भेटत असू. सस्क्वेहॅना नदीकाठच्या बाकावर अंगात जाड कोट घालून डबे उघडायचे. त्याच्याकडून ओक ट्री रोडवरची मेथी, भेंडी, गूळ आणि ज्वारीचं पीठ, माझ्याकडून दह्याच्या रिकाम्या डब्यांत गोठवलेल्या भाज्या आणि आमटी. रविवारी दुपारी दोन गाड्या दोन दिशांना लागत.

या दोन घरांत सगळंच दोन-दोन असे. दोन हॉकिन्सचे कुकर, दोन मिसळणाचे डबे, दोन पोळपाट, दोन राज्यांचे करअर्ज. आणि यातूनच आमच्या पिढीत एक गोष्ट घडली, जी कुठल्याही चळवळीनं इतक्या झटपट घडवली नसती. पुण्यात ज्या मुलांनी चहाचा कपसुद्धा विसळला नव्हता, ती मुलं न्यू जर्सीत कणीक मळू लागली. आठवडाभर दुसरं कुणी करायला नव्हतंच. नवऱ्याच्या पोळ्या आधी कडक व्हायच्या, मग फुगायला लागल्या, आणि पुढे तर माझ्यापेक्षा मऊ होऊ लागल्या. इकडे आम्ही बायका टायर बदलायला, घराचा भाडेकरार वाचायला, बर्फात अडकलेली गाडी फावड्यानं मोकळी करायला शिकलो. म्हणून शनिवारी एका स्वयंपाकघरात दोघं उभे राहिलो की एक करतो आणि दुसरा मदत करतो, असं कधी झालं नाही. दोघंही घरधनी होतो.

मधले पाच दिवस फोनचे. आधी संध्याकाळी सातनंतर मिनिटाला दहा सेंटचा दर, पुढे मोबाइल आल्यावर रात्री नऊनंतर फुकट मिनिटं. नऊच्या ठोक्याला या देशातल्या कितीतरी मराठी घरांतले फोन एकदम वाजत असणार. बोलायला रोज मोठं काही नसे. तू फोडणी दिलीस का, गाडीचं तेल बदललंस का, बॉसनं काय म्हटलं. कितीदा फोन कानाला लावून दोघंही गप्प आपापलं काम करत असू, आणि तेवढ्यानंही एका घरात असल्यासारखं वाटे. रविवारी सकाळी भारतातला फोन: इंडियन स्टोअरमधून आणलेलं कार्ड, खरवडून काढलेला लांबलचक आकडा, आणि थ्री-वे करून पिट्सबर्ग, एडिसन आणि पुणे एका तारेवर. आईला वाटे, आम्ही शेजारी बसूनच बोलतो आहोत. आम्ही तिला ते तसंच वाटू दिलं.

सण जवळच्या शनिवारी सरकत. गणपती कुणाच्या घरी बसवायचा, हे त्या आठवड्यात कोण प्रवास करणार यावर ठरे. दीड दिवसाचा गणपती शनिवारी सकाळी बसून रविवारी दुपारी निघे, म्हणजे दोन्ही घरांना सोयीचा. संक्रांतीचं हळदीकुंकू महाराष्ट्र मंडळात, पाडव्याची गुढी अपार्टमेंटच्या बाल्कनीत. दोन वर्षांतून एकदा बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन आलं की देशभरची अशी जोडपी एकत्र येत. तिथे नाटकांपेक्षा आमच्या गप्पा लांबत, कारण तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे.

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. नवरा न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे, जर्सी सिटीतल्या ऑफिसात गेलेला. दुपारपर्यंत फोन लागला नाही. अपहरण झालेलं चौथं विमान शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या रानात कोसळलं, आमच्या नेहमीच्या टर्नपाइकपासून फार लांब नाही. पिट्सबर्गचं डाउनटाउन रिकामं केलं गेलं. विमानं बंद होती, पण रस्ते होते. त्या रात्री मी निघाले तेव्हा टर्नपाइकवर माझ्यासारखी कितीतरी एकेकटी माणसं गाडी चालवत होती. सगळे आपल्या माणसाकडे निघालेले.

त्या हिवाळ्यात नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हा नोकरी गेलेल्या एच-१ वाल्याला देशात थांबायला सवलतीचे दिवस नव्हते. साठ दिवसांची मुभा पुष्कळ नंतर, २०१७ मध्ये आली. घरचं सामान विकून परत गेलेली जोडपी आम्ही पाहिली. आमचं घर उभं राहिलं ते मी विद्यापीठात माझ्या नावाच्या एच-१ वर होते म्हणून. नवरा एच-४ वर माझ्या गावात आला. आमच्या ओळखीत असे आणखी पुरुष होते. सकाळी डबा भरून देणारे, दुपारी ग्रंथालयात नवी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारे, संध्याकाळी बायकोला न्यायला येणारे. त्यांनी ते दिवस मान ताठ ठेवून काढले. मला त्या सगळ्यांचा आजही अभिमान वाटतो. पुढे नवऱ्याला फिलाडेल्फियात काम मिळालं आणि आमचे शुक्रवार पुन्हा रस्त्यावर आले. पण आता ‘कशाला?’ असं कुणी विचारलं नाही.

मुलं झाली तेव्हा खरी परीक्षा होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आधी आई आली, मग सासूबाई. दोघींनी पाळीपाळीनं तान्ह्या बाळाला आणि आम्हाला सांभाळलं. परक्या देशात, परक्या थंडीत, शेजारी बोलायला कुणी नसताना त्यांनी जे केलं, त्यावर आमच्या पिढीची निम्मी कारकीर्द उभी आहे. सासूबाई एकदा माझ्या प्रयोगशाळेत आल्या, सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मला हे शिकायला मिळालं असतं तर मीही घर सोडून आले असते.’

पण सगळ्यांना अशी आई, अशी सासू मिळाली नाही. मूल झाल्यावर कुणीतरी थांबायचं ठरलं की बहुतेक घरांत ती थांबली. आणि जी एच-४ वर आली, पण जिला स्वतःचा परवाना मिळालाच नाही, तिचं काय? ग्रीनकार्डच्या रांगेत नवऱ्याचा अर्ज वर्षानुवर्षं पडून असताना तिची वास्तुकलेची, दंतवैद्यकाची, सनदी लेखापालाची पदवी कपाटात राहिली. एच-४ वरच्या काही जणींना काम करायची परवानगी मिळाली ती २६ मे २०१५ पासून. तोवर आमच्या बरोबरीच्या कितीतरी जणींची उमेदीची वर्षं निघून गेली होती. त्यांनी मराठी शाळा चालवल्या, मंडळांचे हिशेब ठेवले, आमच्यासारख्यांची मुलं शाळेतून आणली. आमची दोन गावांतली घरं त्यांच्या खांद्यावरही उभी होती. हे ऋण आम्ही उघडपणे मान्य करायला हवं.

आता आम्ही पन्नाशी-साठीत आहोत. आमची भाचरं, पुतण्या म्युनिक-ॲमस्टरडॅमला, सिॲटल-टोरांटोला अशीच राहतात. त्यांच्याकडे व्हिडिओ कॉल आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम आहे. तरी परवान्याचे कागद आणि विमानाची तिकिटं त्यांनाही चुकलेली नाहीत. ती विचारतात तेव्हा आम्ही जे सांगतो, ते आमच्या अनुभवातलं आहे. दोन्ही पगार एकाच खात्यात येऊ द्या. प्रवासाचा खर्च किराण्यासारखा घरखर्चातच धरा, चैनीत धरू नका. या वेळी कुणाच्या नोकरीसाठी गाव बदलायचं हे पाळीनं ठरवा आणि पाळी पाळा. दोन्हीपैकी कुठलंच घर ‘तात्पुरतं’ म्हणू नका. दोन्हीकडे नीट पडदे लावा, दोन्हीकडे तुळस लावा.

आणि त्यांच्या आई-वडिलांना, म्हणजे आमच्याच बरोबरीच्या माणसांना, एवढंच सांगणं आहे. मुलीच्या नोकरीचं गाव मुलाच्या नोकरीच्या गावाइतकंच मोलाचं माना. सुट्टीत आधी तिच्या गावी जाऊन राहा, ती कुठे काम करते ते बघा, तिच्या सहकाऱ्यांना भेटा. मधलं अंतर ही मुलं स्वतः कापतील. ते कसं कापायचं, हे आता आपल्या घरांना माहीत आहे.