एका टेबलावर चार नियम



"तुम्ही जैन, मग पिझ्झा कसा चालतो?" असं शेजारणी मला नेहमी विचारतात. खरं म्हणजे नेपल्सचा मूळ मार्गेरिटा पिझ्झा आपल्या जेवणाच्या बराच जवळचा आहे. मैद्याची पोळी, टोमॅटो, मोझरेला चीज, बेसिलची पानं आणि ऑलिव्ह तेल, एवढंच त्यात असतं. १८८९ साली राणी मार्गेरिटा नेपल्सला आल्या, तेव्हा त्यांच्या नावाने तो केला अशी गोष्ट सांगतात. लसूण असतो तो मरिनारा पिझ्झ्यात.

आम्ही राजोडीचे. नालासोपाऱ्याच्या बाजूला आमच्या आवडीचं एक इटालियन हॉटेल आहे. वाढदिवस असो की परीक्षेचा निकाल, आमची रिक्षा तिकडेच वळते. ऑर्डर देण्याआधी मी तीन गोष्टी विचारते.

पहिली गोष्ट सॉसची. वरचा कांदा काढला म्हणजे पिझ्झा जैन होत नाही. लाल सॉस बहुतेक ठिकाणी सकाळीच पातेलंभर शिजवतात आणि त्यातच लसूण असतो. आमच्यासाठी तिथे ताजे टोमॅटो वेगळे परततात.

दुसरी चीजची. दूध घट्ट करायला रेनेट लागतं आणि ते वासराच्या जठरातूनही काढतात. इटलीच्या खऱ्या पार्मिजानोला तर तेच वापरण्याचा नियम आहे, म्हणून वरून भुरभुरायचं चीज मी नको म्हणते. मोझरेलाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र मी स्वतः बघते.

तिसरी कणकेची. ती यीस्ट घालून कित्येक तास फुगत ठेवतात, पुष्कळदा आदल्या रात्रीपासून. इथे आमच्या टेबलावरच्या चौघांचे चार रस्ते होतात.

सासूबाईंनी महाराजांसमोर नियम घेतला आहे, त्या बाहेरचं काहीच घेत नाहीत. मी कंदमुळं आणि रात्रीचं जेवण सोडलं आहे. शिळं मी एरवी खाते, पण पर्वाच्या दिवसांत नाही. ह्यांचं सगळं पालन चातुर्मासात. आणि लेक कांदा-लसूण खात नाही, पण कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर रात्री नऊला जेवायला जावंसं तिला वाटतं.

पूर्वी सासूबाई घरीच थांबायच्या आणि आमचा घास अडकायचा. मग लेकीनेच हट्ट करून त्यांना आणलं. घरून उकळून आणलेल्या पाण्याची बाटली घेऊन त्या खिडकीशी बसतात. पिझ्झा भाजताना बघायला त्यांना आवडतं. "आपली भाकरीसुद्धा अशीच फुगते गं," असं एकदा म्हणाल्या.

तिथेच एका रविवारी लेकीने त्यांना विचारलं, "आजी, मी रात्री खाल्लं तर तुला वाईट वाटेल?"

माझा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "वाटेल. पण लपवून खाल्लंस तर त्याहून जास्त वाटेल."

त्या दिवसापासून लेक सांगून जाते. अष्टमी, चतुर्दशी आणि दशलक्षणाचे दिवस ती स्वतःहून पाळते. बाकीच्या रात्री ती बाहेर असली की माझा जीव थोडा खालीवर होतो, हे मी नाकारत नाही. पण नियम घ्यायचा तो ज्याचा त्याने. आईने घालून दिलेला नियम लेक माझ्यासमोर पाळील, माझ्यामागे सोडील. तिने स्वतः घेतलेला एक छोटा नियम मला त्याहून मोलाचा वाटतो.

आता वेळेचं सांगते. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकावं असं आपल्याकडे सांगितलं आहे. जूनअखेर आपल्या किनाऱ्यावर सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तेव्हा साडेपाचला पोहोचलं तरी निवांत खाता येतं. नोव्हेंबरअखेर मात्र तो सहालाच मावळतो आणि पाचला बऱ्याच हॉटेलांच्या भट्ट्याही तापलेल्या नसतात. म्हणून थंडीत आम्ही दुपारीच जातो. गर्दी कमी असते, शेफला आपलं म्हणणं ऐकायला वेळ असतो, आणि चौघंही एका टेबलावर असतात.

जय जिनेंद्र.