उरलेल्यासाठी सरळ चेंडू

आमच्या जासईच्या घरी पुतण्याने बोलिंगचे दोन चेंडू आणले आहेत. एक रेझिनचा, ऐटीत वळण घेणारा. पहिल्या फेकीत दहा खुंट्या लोळवायला निघालेला! दुसरा साधा प्लॅस्टिकचा. तेलकट पट्टीवरून तो सरळ जातो, म्हणून कोपऱ्यात उरलेल्या एकट्या खुंटीसाठी तोच लागतो. त्याचे लाडही थोडे. तेल फडक्याने पुसले, उन्हात ठेवला नाही, की झाले.

उरलेल्याची किंमत आम्हांला कोणी सांगायला नको. भातशेती गेली, १९८४ च्या जानेवारीत या परिसरात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडांची वाट उघडली. वळणे पहिल्या डावाला शोभतात. उरलेले राखायला सरळच जावे लागते.