मेजाच्या एकाच बाजूला

वसईत काय, गोव्यात काय, ख्रिस्ती घराच्या जेवणघरात येशूच्या शेवटच्या भोजनाची तसबीर हमखास दिसते. बहुधा ती लिओनार्दो दा विंचीच्या चित्राची नक्कल असते. मूळ चित्र मिलानला, सांता मारिया देल्ले ग्राझिए मठाच्या भोजनगृहात, १४९५ ते १४९८च्या सुमारास भिंतीवर काढलेलं. त्याआधी फ्लॉरेन्सचे चित्रकार येशूला दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याला मेजाच्या अलीकडे एकटा बसवत. बघणाऱ्याला शोधायची तसदी नको! लिओनार्दोने त्याला उचलून बाकीच्यांच्या रांगेत नेलं. मुठीत थैली आहे, तोंडावर सावली आहे, पण पंगतीतलाच एक.

हे मला फार खरं वाटतं. दगा देणारा समोर बसत नाही. तो शेजारी बसतो, आपल्या पानात वाढतो, मुलांची चौकशी करतो.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीकशी नोंद आहे. यहूदा मेजावरून उठून बाहेर पडला तेव्हा बाकीच्यांना वाटलं, पैशांची थैली याच्याकडेच. सणाचं काही आणायला नाहीतर गोरगरिबांना द्यायला गेला असेल. ज्याच्या हाती हिशेब, त्याच्याबद्दल शेवटच्या क्षणापर्यंत शंका नाही! भिशी बुडालेल्या किंवा भागीदारीत हात पोळलेल्या माणसाला हे वाचून कसंनुसं हसू येईल.

अशा वेळी पैशाचं दुःख त्या मानाने लवकर सरतं. आपण मागचे दिवस उकरत बसतो, ते सरत नाही. आईच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसला होता, तो खरा होता का? मग आता उरलेल्यांपैकी कोण खरं? विश्वासाने या प्रश्नाचं उत्तर मिळतं असं मला कोणी सांगू नये. येशूने त्याच संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यातून यहूदाला वगळल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याने दगा दिला म्हणून आपण लावलेला जीव खोटा ठरत नाही, एवढाच आधार मला त्यातून मिळतो. थोडा आहे, पण पुरतो.

आणि आपण तरी कोण? तुमच्यातलाच एक मला धरून देईल, हे येशूकडून ऐकल्यावर मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवलं नाही. जो तो स्वतःबद्दलच विचारू लागला. त्याच रात्री शिष्य पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा राहिला आणि ज्याच्यासाठी जीव देईन म्हणाला होता त्याला आपण ओळखतच नाही, असं तीनदा सांगून मोकळा झाला. यहूदाने पस्तावून चांदीची ३० नाणी मंदिरात फेकली आणि एकट्यानेच जाऊन गळफास घेतला. पेत्र ओक्साबोक्शी रडला, पण सोबत्यांना सोडून गेला नाही.

पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. पुनरुत्थित येशू आधी सगळ्यांना खाऊ घालतो आणि मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे ना? त्या रात्रीचा जाब नाही. आणि पेत्र? एवढं सगळं पदरात पडल्यावर लगेच मागे वळून, चालत येणाऱ्या दुसऱ्या शिष्याकडे बघत विचारतो की याचं काय. त्याचं मी बघेन, तू माझ्यामागे ये, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळतं.