आकडा वाढला तरी चालेल

आमच्या कंपनीत अप्रेझलचा सीझन आला की बग कमी दाखवण्याची एक मूक चढाओढ लागते. नवीन टेस्टर आला आणि बग दुप्पट निघाले, तर मॅनेजरचा चेहरा पडतो. खरं तर बग आधीही होतेच, आता दिसले इतकंच!

हे लिहायचं कारण म्हणजे व्ही. रमणी हे सनदी अधिकारी. औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर) विभागीय आयुक्त असताना त्यांनी मराठवाड्यात कुपोषणाचं काम हाती घेतलं. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं आणि रमणी त्याचे पहिले महासंचालक झाले. मोजकी माणसं, स्वतःची योजना नाही. अंगणवाड्या एका खात्याच्या, दवाखाने दुसऱ्या खात्याच्या. दोघांना एका मुलासाठी एकत्र आणायचं, हेच काम. (दोन टीम्सना एका कॉलवर आणून बघा, मग कळेल.)

पण मला भावतं ते वजनकाट्याचं प्रकरण. प्रत्येक मुलाचं वजन करायचं, आणि जे भरेल तेच लिहायचं. ऐकायला सोपं. माझी मावशी मालवणकडे अंगणवाडी सेविका होती. ती म्हणायची, "पोराचा वजन कमी भरला की माझ्याच पोटात गोळो येय." आता लाखभर सेविकांच्या पोटातला हा गोळा घालवायचा म्हणजे वरच्या माणसाला आधी स्वतःचा आकडा वाढलेला सोसावा लागतो. विधानसभेत प्रश्न, पेपरात हेडलाईन, सगळं आलंच.

सरकारी आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार म्हणा. म्हणून २०१२ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने स्वतंत्र पाहणी केली. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २३ वर आलेलं निघालं. सगळं श्रेय मिशनचं नाही. त्या काळात राज्यातलं उत्पन्नही वाढत होतं. आणि पुढची गोष्ट काही तितकी गोड नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होतं, आणि २०१९-२१ च्या पाहणीत ३५. म्हणजे गाडी तिथेच अडकली.

रमणींच्या खुर्चीवर पुढे इतर अधिकारी आले. सनदी नोकरीत बदली ठरलेलीच असते. मावशीही रिटायर झाली. तिच्या जागी आलेल्या मुलीकडे आता मोबाईल ॲप आहे, वजन त्यात भरायचं. परवा फोनवर मी मावशीला विचारलं, "ॲप बरं की वही?"

"काटो बरोबर आसलो म्हणजे झाला," ती म्हणाली.