नोव्हेंबरात लपलेली चूक

उपग्रहाच्या प्रतिमेवरून कपाशीच्या पानांचा पसारा मोजायचा, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं आहेत ते सांगायचं, हे माझं काम होतं. हाताशी ‘प्रोसेल’ हे मॉडेल होतं. पानाचं हरितद्रव्य, पाणी, पानांचा कल, सूर्याची दिशा असे आकडे दिले की कोणत्या तरंगलांबीत किती प्रकाश परत जाईल ते मॉडेल काढून देतं. मला उलट जायचं होतं, परतलेल्या प्रकाशाकडून पानांकडे.

लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेसोबतच्या माहिती-फाइलमध्ये सूर्याची क्षितिजापासूनची उंची असते. मॉडेलला डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन लागतो. मी उंचीच भरली. विदर्भात नोव्हेंबरात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, सूर्य ४५ अंशांच्या आसपास असतो. दोन्ही कोन जवळजवळ सारखेच, त्यामुळे चूक दिसलीच नाही. सप्टेंबरात उंची ६० अंश आणि हवा असलेला कोन ३०. तेव्हाची उत्तरं बिघडली, तर मी ढगांना दोष दिला.

मातीबाबत मी याहून निष्काळजी होतो. प्रोग्रॅमसोबत आलेला फिकट, कोरड्या मातीचा वर्णपट मी तसाच ठेवला. शेत होतं काळ्या जमिनीचं. जवळच्या अवरक्त प्रकाशातला १० टक्क्यांहूनही कमी भाग पान शोषतं. उरलेल्यापैकी बराचसा पानातून आरपार जाऊन मातीवर पडतो आणि पुन्हा वर येतो. पीक विरळ असताना माती चुकली की सगळंच चुकतं. शिवाय हे मॉडेल पानं सगळीकडे सारखी पसरलेली मानतं. कपाशी ओळींत असते, मधे उघडी जमीन आणि सावली. अशा पिकासाठी तुलूझमध्ये १९९२ पासून विकसित होत असलेल्या ‘डार्ट’सारखं त्रिमितीय मॉडेल हवं. गणनेला फार वेळ लागतो म्हणून मी ते टाळलं.

पण सर्वांत मोठी चूक पडताळणीतली. मॉडेलनं तयार केलेले आकडे मी त्याच मॉडेलनं उलगडले, त्यात उपकरणाचा गोंगाटही मिसळला नाही. आलेख सुरेख आला. कमी पानं आणि जास्त हरितद्रव्य, किंवा याच्या उलट, अशा वेगवेगळ्या जोड्यांतून जवळपास एकच परावर्तन मिळू शकतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी तो आलेख मी अहवालात घातला. दुरुस्ती पुढच्या अहवालात आली. पहिला वाचलेल्या सगळ्यांपर्यंत ती पोचली असेल असं मला वाटत नाही.

हे काम नव्यानं हाती घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: मॉडेल चालवण्याआधी त्याच शेतातल्या मातीचा वर्णपट मोजा, ओल्या आणि कोरड्या दोन्ही अवस्थांतला.