बद्द आवाज

चाकणच्या एका कारखान्यात देखरेखीच्या कामावर असताना, गुरुवारच्या सुट्टीत (आमच्या या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांचा रविवार गुरुवारीच येतो) फोर्कलिफ्टच्या चाकांखाली फुटलेली जमीन शुक्रवारच्या पहिल्या पाळीपूर्वी पूर्ववत करण्याचा हुकूम मला मिळाला. शीघ्र घट्ट होणाऱ्या काँक्रीटची पोती आली; अर्ध्या तासात ते दगडासारखे झाले आणि आम्ही कृतकृत्य झालो. पंधरा दिवसांनी वृद्ध मुकादमाने त्यावर हातोडीचा दांडा आपटला, क्षणभर कान दिला आणि एवढेच म्हणाला, "साहेब, बद्द वाजतंय."

तो थर उचलला तेव्हा अखंड निघाला. त्याच्या पाठीला मात्र जुन्या पृष्ठभागाची पांढुरकी भुकटी चिकटलेली होती. म्हणजे नव्याच्या अंगी उणीव नव्हती. ज्याला बिलगायचे त्याच्या अंगावरची तेलकट धूळ आणि सिमेंटची दुबळी साय आम्ही मुदतीच्या धास्तीने तशीच राहू दिली होती. ती काढायची, तर टाचे मारताना अवजड ब्रेकर चालवण्याचीही मुभा नाही, कारण त्याच्या आघाताने जुन्या काँक्रीटच्या पोटात सूक्ष्म तडे जातात व सांधा त्या तड्यांतूनच सुटतो. पाण्याचेही तसेच: कोरडे जुने काँक्रीट नव्याचे पाणी शोषून घेते आणि वर डबके राहिले तर संधिस्थानचे मिश्रणच पातळ होते, म्हणून सिमेंटच्या जातीच्या मिश्रणांसाठी जुने अंग आतून तृप्त, वरून कोरडे असावे लागते. (मॅग्नेशियम फॉस्फेटची जात मात्र कोरडेपणाच मागते.) त्यात जुन्याचे आकुंचन वर्षांपूर्वीच आटोपलेले, तर नवे घट्ट होताना तापते आणि निवता निवता आकसते, तो सारा ताण सांध्यावर पडतो, आणि कडा करवतीने उभ्या न कापता पातळ निमुळत्या ठेवल्या असतील तर सोलणे तेथूनच सुरू होते.

याच चाकणच्या किल्ल्याचा बुरूज 1660 साली शाहिस्तेखानाच्या सुरुंगाने उडाला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याच्या माणसांनी मागे घाईने मातीचा बांध घातला होता. त्या डागडुजीला एखादा दिवस निभावणे पुरेसे होते. आमच्या जमिनीवरून रोज टनांनी माल जायचा होता.

दुसऱ्या खेपेस सर्व तजवीज सावकाश केली, आणि काही दिवसांनी नव्या थरातून जुन्यापर्यंत गोल छेद घेऊन, वर पोलादी चकती चिकटवून ती यंत्राने ओढली. तुटले ते जुने काँक्रीट. काळी खडी चकतीसोबत वर आली. मुकादमाने यंत्राकडे पाहिलेही नाही. शेजारी दांडा आपटून तो पुढच्या खड्ड्याकडे वळला.