खर्ड्याचा अभंग तट

जामखेडहून खर्डा वीसेक किलोमीटर. माघातलं ऊन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दाण्यात आलेली ज्वारी, मधेच उघडा माळ. गाव यायच्या आधीच 2021 साली इथे उभारलेला 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज दिसू लागतो. त्याच्या रोखाने गेलं की किल्ला सापडतो. मी मात्र आधी गावात शिरलो, कारण मला निंबाळकरांचा वाडा पाहायचा होता.

खर्डा ही निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकरांची जागा. गावात राहतं घर आणि गावाबाहेर भुईकोट, अशी त्यांची मांडणी. घराची आता पडझडच उरली आहे. पण ते पाहिल्यावाचून किल्ला नीट कळत नाही, असं मला वाटतं. या मुलखात डोंगरी किल्ल्याचा आधार नाही. ज्याच्याकडे वसुली, त्याच्याकडे धान्य आणि रोकड. आणि ज्याच्याकडे धान्य-रोकड, त्याच्यावर धाड ठरलेली. म्हणून पाटलाची असो की सरदाराची, गढी उभी राहिली: घडीव दगडाचा तळ, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, एकच मोठा दरवाजा, आत आड आणि धान्याची पेवं. निंबाळकरांकडे पैसा होता, म्हणून सुलतानजी निंबाळकरांनी 1740 च्या दशकात अख्खा कोटच दगडात बांधला.

किल्ला चौकोनी आहे, आटोपशीर. दरवाजाशी मी बराच वेळ रेंगाळलो. बाहेरच्या दरवाजातून आत गेलं की समोर भिंत येते. दुसरा दरवाजा काटकोनात वळून. हत्तीला धाव घ्यायला जागा नाही, आणि वळणाऱ्या माणसाची कूस तटावरच्यांना आयती सापडते. तटाची उंची पंचवीस-तीस फूट, वर फरसबंद फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट. मी फांजीवरून चालत एका जंगीशी, बंदूक रोखायच्या भोकाशी, बसलो. आतून हात-कोपर सहज मावेल एवढी रुंद, बाहेरच्या तोंडाला निमुळती. डोळा लावला तर समोरच्या शिवाराची एक उभी पट्टी तेवढी दिसते. एका बंदुकीने राखायचा मुलूख तेवढाच.

याच आटोपशीर कोटात 1795 च्या मार्चमध्ये हैदराबादचा निजाम अली खान कोंडला गेला. 11 मार्चला खर्ड्याजवळ लढाई झाली. मराठ्यांकडे परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले सगळे एकत्र आले होते, आणि वीस वर्षांचे सवाई माधवराव पेशवे स्वतः छावणीत होते. निजामाकडे फ्रेंच रेमंडच्या कवायती पलटणी होत्या. इंग्रजांनी मदत नाकारली होती. रात्री निजामाच्या फौजेत घबराट माजली आणि त्याने या तटाचा आसरा घेतला. वेढा पडला, पाणी-वैरण तुटली.

आत बारव आहे, अरुंद, पायऱ्यांची. तिथे शेळ्या राखणारे एक आजोबा भेटले. “आजोबा, पाणी असतं का हिला?” असं विचारलं, तर म्हणाले, “असतंय की. पर पाव्हणं, एवढ्या लष्कराला पुरंल व्हय?” बांधणाऱ्याचा हिशेब घराणं आणि त्याची शिबंदी एवढाच होता. तिथे एका राज्याची फौज येऊन बसली.

शेवटी तोफेने तट पडला नाही. बोलणी झाली. दौलताबादसह मोठा मुलूख, तीन कोटी रुपये आणि खुद्द दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या हवाली, अशा अटी निजामाने कबूल केल्या.

फांजीवर बसल्या बसल्या मला स्कॉटलंडचा थ्रीव्ह आठवत राहिला. तोही सरहद्दीकडच्या सरदाराचं घरच: डी नदीतल्या बेटावर आर्चिबाल्ड डग्लसने 1370 च्या सुमारास बांधलेला, जाड दगडी भिंतींचा पाच मजली बुरूज. आपली गढी आडवी पसरते, चौकाभोवती सोपे मांडते; तिथलं घर मजल्यावर मजला चढवत उभं राहतं. तळाशी कोठार, वर दालन, त्याच्यावर निजायच्या खोल्या, आणि मुख्य दरवाजा जमिनीपासून उंच. तोफा आल्यावर त्याच्याभोवती जंग्यांचा नवा तट घातला. 1455 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने दोन महिन्यांवर वेढा घातला, तोफा आणल्या. तरी गड हाती आला तो आतल्यांशी देण्याघेण्याचा सौदा करूनच. साडेतीनशे वर्षांचं अंतर, आणि दोन्ही तट अजून उभे आहेत ते त्यांचा निकाल भिंतीबाहेर लागला म्हणून. दगड धाडीला पुरतो, राज्यांच्या भांडणाला पुरत नाही. हे मला खर्ड्यात बसून जितकं पटलं, तितकं पुस्तकं वाचून पटलं नव्हतं.

परतताना पुन्हा वाड्याकडे गेलो. पर्यटक किल्ला पाहून निघून जातात, इकडे कुणी वळत नाही. या पडझडीचं मोजमाप घेऊन नकाशा काढायला हवा: चौक कुठे होता, देवडी कुठे, आड कुठे. गावातली जुनी माणसं आहेत तोवर, पुढच्या पावसाळ्याच्या आत.